राक्षस मेला, आता बिया वेचा

राक्षस मेला, राजकन्या सुटली, नामावली सरकून गेली. खेळ संपला म्हणून उठावं, तर नकाशाच्या कोपऱ्यात टक्केवारी झळकू लागते. दहावीनंतर टक्क्यांची कटकट सुटली असं वाटणाऱ्यांना निन्टेंडोनं २०१७ साली ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये पुन्हा परीक्षेला बसवलं.

गंमत पुढेच आहे. शेवट पाहून खेळ पुन्हा सुरू केला की तो तुम्हाला शेवटच्या लढाईच्या आधी नेऊन सोडतो. म्हणजे राक्षस पुन्हा जिवंत, राजकन्या पुन्हा अडकलेली आणि आपले शूरवीर डोंगरावर दगड उचलून बघतायत, खाली बी आहे का! अशा बिया एकूण ९००. झोळीत शस्त्रं ठेवायची जागा पुरती वाढवून घ्यायला ४४१ पुरतात. उरलेल्या निव्वळ हौसेच्या. ती हौस ज्यांनी फेडली, त्यांना बक्षीस काय मिळालं? शेणाच्या पोसारखी दिसणारी एक सोनेरी वस्तू. निर्मात्यांनी यापेक्षा स्पष्ट शब्दांत काय सांगायचं होतं? तरी आम्ही तिचा फोटो काढून मित्रांना पाठवतो.

आता ‘कॉन्ट्रा’ आठवा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे स्वस्तातल्या नकली कन्सोलवर घरोघरी चालायचा तो. शेवटी बेट उडायचं, हेलिकॉप्टर निघून जायचं आणि खेळ निमूटपणे पहिल्यापासून सुरू व्हायचा. टक्के नाहीत, ट्रॉफी नाही, बिया तर नाहीतच. तरी दुपारच्या दुपारी त्यात जायच्या, कारण शेजारी भाऊ बसलेला असायचा. धबधब्याच्या टप्प्यात एकानं मुद्दाम भराभर वर उड्या मारायच्या, पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला फुकट मरायचा. त्या मरणाचा सूड उगवायचा तर पुन्हा खेळणं भाग होतं. ‘रिप्ले व्हॅल्यू’ म्हणतात ती हीच, आणि ती कॅसेटमध्ये नव्हती, सतरंजीवर होती.

‘अंडरटेल’ हा २०१५ चा खेळ तर याच्याही पुढे गेला. सगळ्यांचं भलं करून तो सुखान्तापर्यंत नेला आणि नंतर पुन्हा उघडला, की त्यातलं एक पात्र विनवतं : ही मंडळी आता सुखात आहेत, त्यांना तसंच राहू द्या, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू नका. गिऱ्हाइकाला ‘आता पुरे’ म्हणणारा दुकानदार विरळाच.

बाकीच्यांचा धंदा उलटा. खेळ आवडला म्हणून पुन्हा खेळावा, हे त्यांना भरवशाचं वाटत नाही. म्हणून पिसं, झेंडे, बिया नकाशाभर विखरून ठेवतात, आणि अपुरं राहिल्याची टोचणी आपल्याला खुर्चीला खिळवते. याला खेळ म्हणत नाहीत, बिनपगारी कारकुनी म्हणतात.

तेव्हा पुढच्या वेळी ‘शंभर तासांचा खेळ’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे मोजण्याआधी एवढंच विचारा : त्यातले खेळायचे किती आणि वेचायचे किती?