डोळ्यांवर अर्धा किलो

दुपारी चारला तात्यांकडे गेलात तर दार काकू उघडतात आणि पहिलं वाक्य असतं, "भिंतीला धरून या." हॉलच्या मधोमध तात्या. डोळ्यांवर अर्धा किलोचा काळा डबा, लेंगा पोटरीपर्यंत खोचलेला, आणि दोन्ही हातांनी हवेत सपासप वार. समोरून उडत येणारे ठोकळे ते तलवारींनी कापत असतात. ठोकळे फक्त त्यांना दिसतात, तलवारीही. आपल्याला दिसतो तो शोकेसमधला शाडूचा गणपती, जीव मुठीत धरून बसलेला.

हे आभासी दुनियेचं (व्हीआर) यंत्र सुरुवातीलाच स्वतःभोवती मोकळ्या जागेची रेघ आखून घ्यायला सांगतं. तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांनी असा दणदणीत घेर आखला की टीपॉय, दिवाण आणि स्वयंपाकघराचा उंबरा बुडीत क्षेत्रात गेला. काकू विस्थापित. पुनर्वसन अजून व्हायचंय.

हा सगळा खटाटोप स्मरणशक्तीसाठी. काकूंनी दही सांगितलं, तात्यांनी वही आणली. दूध तापवा म्हटलं, त्यांनी ऊद लावला. तात्या विसरायला लागले, असं घरात एकमत झालं आणि मुलाने अमेरिकेहून हा डबा पाठवला. तेव्हापासून तात्या 'हिप्पोकॅम्पस' हा मेंदूतल्या आठवणींच्या भागाचा शब्द गावाकडचा जमिनीचा तुकडा असावा अशा आपुलकीने उच्चारतात. लंडनच्या गल्ल्या पाठ असणाऱ्या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला, हे २००० सालचं संशोधन आमच्या दूधवाल्यालाही आता तोंडपाठ आहे.

डब्यातल्या आभासी दुकानात तर तात्या कमाल करतात. यादी एकदा झळकते आणि नाहीशी होते. तात्या बाराच्या बारा जिन्नस टोपलीत टाकतात. ज्याचा सराव करावा ते सुधारतं, एवढं खरं. ते रोजच्या व्यवहारात कितपत उतरतं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. पण माझी शंका साधी होती. दुकानातली यादी डोळ्यांना दिसते, काकूंची कानांनी ऐकावी लागते. हे मी एकदा मोठ्याने बोलून दाखवलं. तात्या म्हणाले, "नको, आत्ताच झाला चहा."

कानाचं यंत्र तीन वर्षं कपाटात आहे. "ते म्हातारे लावतात." डिमेन्शियाचे आटोक्यात आणता येण्याजोगे १४ धोके लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडले, त्यात ऐकू कमी येणंही आहे. मी ती यादी छापून नेऊन दिली. तात्यांनी ती बारकाईने वाचली, धूम्रपानावर बोट ठेवलं आणि "शहाऐंशीलाच सोडली" म्हणून कागद माझ्या हातात परत दिला.

एकदा आभासी आगगाडीतून डोंगर उतरताना डोळे म्हणाले, आपण धावतोय. आतला कान म्हणाला, खुर्चीत बसलोय. या तंट्यात पोट ढवळून निघालं. तात्या आडवे, उशाशी काकू आमसूल घेऊन. "ह्यांनी कानाचं ऐकलं," त्या म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा."

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी स्मृतीची चाचणी घेतली. घड्याळ काढलं ते नकाशासारखं रेखीव. शंभरातून सात-सात वजा करताना तर डॉक्टरच मागे पडले. मग पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगायचे होते. तात्यांनी पाचही शब्द ओळीने, ठणकावून सांगितले.

त्यातले तीन डॉक्टरांनी उच्चारलेच नव्हते.