घोड्याचं वशिंड

मातीचं काय होईल आणि काय होणार नाही, हे आमच्या बोरगावात फार आधीच ठरून गेलंय. तिचा बैल होतो आणि तिचा गणपती होतो. तिसरं काही कुणी मागितलेलं नाही. त्यातही बैल जरा जास्तच, कारण सीमेवर असल्यामुळे आम्हाला बेंदूर दोन. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, त्याच महिन्याच्या अमावास्येला कानडी घरांतून मातीच्या बैलांची पूजा, ती आटोपते न आटोपते तोवर आषाढात महाराष्ट्री बेंदूर. रेशनकार्ड एका राज्याचं असलं तरी पोळीच्या बाबतीत आम्ही दोन्ही राज्यांना मानतो.

अशा गावात मी मातीचं बुद्धिबळ करायला घेतलं. कारण अगदीच फुटकळ होतं. घरातल्या प्लॅस्टिकच्या डावातला एक उंट पुतण्याने कुठेतरी घालवला, आणि एका उंटासाठी इचलकरंजी कोण गाठणार? उंट करायचाच तर बाकीच्या एकतीस जणांनी काय घोडं मारलंय, असा विचार करून मी कुंभारमामांच्या दारात उभा राहिलो.

“बैल करतासा?”

“न्हाई मामा, घोडा.”

“आता आणि घोडं कुठलं काढलासा?”

असं म्हणाले, पण माती मामांनीच मळून दिली. नदीकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. तिला आवरायला राख लागते आणि लीद लागते. लीद म्हणजे अर्थात घोड्याची. त्यामुळे माझ्या डावात राजापासून प्याद्यापर्यंत प्रत्येकाच्या अंगात थोडा थोडा घोडा आहे. घोड्याच्याही आहे, फक्त त्याच्यात तो बाहेरून दिसत नाही.

दिसत नाही, याला कारण वशिंड. ओल्या मातीची मान अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वर ओढली की घोडा क्षणभर खरोखर घोडा असतो. चिमूट सोडली की ती मान सावकाश पुढे कलायला लागते. मग तिला मागून आधार म्हणून मातीचा एक गोळा लावायचा. मान थांबते, पण पाठीवर वशिंड उभं राहतं. कान करावेत तर बोटाच्या पेराएवढी माती चिमटीत येते, आणि तेवढ्या मातीची शिंगंच होतात. त्यात माझ्या अंगठ्याला लहानपणापासून बेंदराचं वळण. डोकं घोड्याचं नाव घेत असतं आणि अंगठा मुकाट्याने खिलार काढत असतो. पुतण्याने वाळायला ठेवलेले चारही घोडे पाहिले आणि आपणहून त्यांच्या शिंगांना हिंगूळ लावून वर बेगड चिकटवली.

मी मुळीच शरमलो नाही. आज जगभर ज्या सोंगट्या खेळात वापरतात त्या स्टाँटन घाटाच्या. 1849 साली इंग्लंडात नॅथॅनिएल कुकच्या नावाने तो घाट नोंदवला गेला. त्यातला घोडा अथेन्सच्या पार्थेनॉनवरच्या घोड्यावरून घेतला असं सांगतात, आणि अमृतसरला या सोंगट्या लाकडात घडवतात तिथेही घोडा कोरणारा हात वेगळाच असतो. असू दे. पण त्याच डावातल्या चक्क दगडी बुरुजाला आपण गेली पावणेदोनशे वर्षं हत्ती म्हणत आलोय आणि पाद्र्याच्या टोपीला उंट. सोंड कुठाय, मदार कुठाय, असं एकानेही विचारलेलं नाही. मग माझ्या बैलाला घोडा म्हणताना लोकांचा घसा का बसावा?

राजा स्पर्धेच्या मापाने केला, साडेनऊ सेंटिमीटर. वजीर साडेआठ. मामांनी राजा हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाले, “आतनं पोकळ करा. भरीव राजा भट्टीत फुटतोय.” आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. राजा पोकळ केला. पण त्याच्या मातीत राख नव्हती, वजिराच्या होती. बिनराखेची माती जास्त आकसली आणि भट्टीतून राजा निघाला तो वजिराच्या खांद्याला लागणारा. एक घर कसाबसा सरकणारा पोकळ राजा आणि पटभर हिंडणारा धिप्पाड वजीर! साखर कारखान्यांच्या मुलखात हे कुणालाच खटकलं नाही. बघणाऱ्याने पहिल्या नजरेत चेअरमन कोण आणि एम. डी. कोण ते सांगितलं.

काळ्या वजिराचा उजवा हात वाळताना खांद्यातून निखळला आणि गालाला चिकटून बसला. तो मी तसाच ठेवला. 1831 साली स्कॉटलंडच्या लुईस बेटावर वॉलरसच्या दातातल्या जुन्या सोंगट्या सापडल्या, त्यातल्या राण्याही अशाच गालाला हात लावून बसल्यात. शिवाय बुरुजाच्या जागेवरचे काही शिपाई आपल्याच ढालीची कड दातांनी चावताहेत. यातल्या बहुतेक सोंगट्या ब्रिटिश म्युझियममध्ये काचेआड आहेत. माझ्या आमच्या फडताळात आहेत, फरक तेवढाच.

उंटांबद्दल बोलत नाही. प्यादी झाली ती उपड्या चिलमीसारखी, आणि निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात ती तशी झाली नसती तरच नवल.

खरा घोळ हत्तीने घातला. चार पायांवर उभा केला की ओला हत्ती पोटावर बसायचा. म्हणून मी त्याला मांडी घालून बसवला. बसलेला हत्ती, पुढे सोंड, सोंडेला आधार म्हणून खाली मातीची गोळी. मामांनी ते चौघे बघितले आणि हात जोडले.

“देव भट्टीत घालत न्हाई मी.”

“मामा, हत्ती हाय ह्यो.”

“मोदक खाणारा?”

म्हणून माझे अठ्ठावीस जण भाजलेले आणि चार हत्ती कच्चे. बाकीच्यांतले निम्मे मामांनी उघड्या हवेत भाजले, ते लाल निघाले. निम्मे मडक्यात भुशात पुरून, तोंड लिंपून भाजले, ते काळे. मातीतल्या लोखंडाला हवा मिळाली की ते लाल होतं, कोंडलं आणि धूर मुरला की काळं पडतं. माती तीच, हातही तोच, आणि कुणाला हवा मिळाली एवढ्यावरून दोन फौजा झाल्या. 1956 सालापासून इकडे राहणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही.

कच्च्या हत्तींच्या रंगाचा प्रश्न आमच्या आक्काने सोडवला. लालच्या दोघांना कुंकू, काळ्याच्या दोघांना बुक्का.

पहिला डाव तात्या मास्तरांशी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तेव्हापासून कृष्णाकाठी या खेळाला मान आहे. आमची दूधगंगाही कृष्णेलाच मिळते, पण सांगलीच्या खालच्या अंगाला. त्यामुळे तिकडची अक्कल प्रवाहाविरुद्ध आमच्यापर्यंत चढून येत नाही. तरी मी बऱ्यापैकी खेळत होतो. माझा उंट तात्यांच्या हत्तीवर रोखलेला, हत्तीला जोर नाही. मी हात पुढे केला तशी आक्का स्वयंपाकघरातून ओरडली, “देव मारतोस व्हय रे?”

“आक्का, खेळ हाय.”

“उत्तरपूजा केल्याबिगर पटावरनं हलवायचा न्हाई.”

तात्यांना हा नियम एकदम पटला. त्यांनी राजाला किल्लेकोट करून गणपतीच्या आडोशाला नेऊन बसवलं आणि आक्काने आणून दिलेला चहा बशीत ओतला. बशी कलंडली. चहा पटावरून वाहत त्यांच्या हत्तीखाली गेला, आणि बघता बघता हत्ती आधी मांडीत विरघळला, मग सोंडेत. एफ आठ या घरात बुक्का मिसळलेला चिखल तेवढा उरला.

“हत्ती गेला तात्या,” मी म्हणालो.

“गेला न्हाई. विसर्जन झालंय. पुढल्या वर्षी येतोयच की परत. त्याचं घर मोकळं ठिवायचं आणि डाव तोवर थांबवायचा.”

मी नियमांचं पुस्तक काढलं. तात्यांनी ते हातातही घेतलं नाही. महाराष्ट्राचा सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असल्याची त्यांनी मला आठवण करून दिली आणि उरलेला चहा बशीत ओतत म्हणाले, “दोन सरकारं बसल्यात की थांबून. तुलाच कसली घाई झालीया?”