गच्चीवरची ओपीडी

सकाळचे सव्वासहा. पुण्यातल्या एका चार मजली सोसायटीच्या गच्चीवर एक गृहस्थ जास्वंदीच्या कुंडीपुढे उकिडवे बसलेत. डाव्या हातात भिंग, उजव्या हातात जुना टूथब्रश, पायाशी साबणाच्या पाण्याचा मग. डोक्यावर तीन लालभडक फुलं नुकती उमललीत, पण तिकडे त्यांचं लक्ष नाही. देठ जिथं फांदीला चिकटतो त्या बेचक्यात त्यांना कापसाच्या बोळ्यासारखा एक पांढरा ठिपका दिसतो आणि चेहरा उजळतो.

"आला!" म्हणतात. जावई आल्यासारखं.

हे बागकाका. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात, नाहीतर सोसायटीच्या चेअरमनला पत्रं लिहू लागतात. काका कुंड्यांकडे वळले. सुरुवातीला हेतू साधा होता, गणपतीला घरचं जास्वंद असावं एवढाच. पण दुसऱ्याच महिन्यात झाडाला पिठ्या ढेकूण लागला आणि काकांना आयुष्यभर बँकेत न सापडलेलं काहीतरी सापडलं. तेव्हापासून निरोगी झाड त्यांना फारसं रुचत नाही. त्यात करण्यासारखं काय असतं?

पिठ्या ढेकणाचं प्रकरण त्यांना तोंडपाठ आहे. त्याच्या अंगावर मेणचट पिठासारखं आवरण असतं, नुसतं पाणी मारलं तर घरंगळून जातं, म्हणून साबण. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून त्यातही थोडा साबण, फवारणी उन्हं उतरल्यावर आणि पानाच्या पाठीमागून. मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण. पण खऱ्या आरोपी मुंग्या. ढेकूण रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात. "गवळी आणि म्हशी, दुसरं काय!" हे ते सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांना सांगतात, नेमका पहिला घास शिऱ्याचा असताना.

एकदा कृषी खात्यातल्या मित्रानं त्यांना ढालकिड्यांची पिल्लं आणून दिली. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा मुख्यतः पिठ्या ढेकणांवर जगतो. काकांनी मोठ्या समारंभानं पिल्लं जास्वंदीवर सोडली. तिसऱ्या दिवशी भिंग लावून पाहतात तर झाडभर पांढरे, पिठाळ, मोठाले किडे. काकांनी टूथब्रश उचलला आणि तासाभरात झाड लख्ख केलं. संध्याकाळी मित्राला फोन लावला: "तुमच्या किड्यांनी काही केलं नाही हो, उलट ढेकूण दुप्पट झाले!" पलीकडे बराच वेळ शांतता. मग मित्रानं सांगितलं की या ढालकिड्याचं पिल्लू दिसायला हुबेहूब ढेकणासारखंच असतं, तसंच पांढरं, फक्त जरा मोठं आणि चपळ. काका दोन दिवस गच्चीवर गेले नाहीत.

काकूंचं म्हणणं वेगळं आहे. गच्चीवर अडतीस कुंड्या असून देवाला फुलांची पुडी विकत येते. गुलाब म्हणाल तर ऑक्टोबरात पाऊस सरला की काका त्याची छाटणी करतात, फांद्यांच्या टोकांना औषधाचा लेप लावतात आणि दीड महिना कुणाला जवळ फिरकू देत नाहीत. कलमाच्या डोळ्याखालून फुटणारा रानफुटवा शोधायला मात्र रोज खाली वाकतात, कारण तो वाढला की वरच्या गुलाबाचं खाणं तोच खातो. मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडायचं, फांद्या कापायच्या आणि उरलीसुरली पानं ओरबाडून काढायची, की उन्हाळ्यात नव्या फुटीवर कळ्या भरतात. शास्त्र चोख आहे, पण जानेवारीत काकूंच्या माहेरची माणसं आली तेव्हा गच्चीवर नुसत्या काड्या उभ्या होत्या. "मोगरा आहे तो," काकूंना सांगावं लागलं, लग्नाळू मुलाची पगारवाढ सांगावी तसं.

स्वयंपाकघरातून काकांनी बरंच काही नेलंय: चहाचा चोथा, केळ्याची सालं, तांदूळ धुतलेलं पाणी, शिवाय चांगलं चालणारं मिक्सरचं भांडं.

पण सगळ्यात जास्त जीव त्यांनी अनंतावर लावला. अनंताला आंबट माती लागते. कोकणातल्या तांबड्या मातीत तो घराच्या कोपऱ्यावर कुणी न बघता फुलतो. घाटावरच्या काळ्या मातीत आणि टँकरच्या जड पाण्यात त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. काकांनी हिराकस घातला. पानं हिरवी झाली, पुन्हा पिवळी झाली. मग एका मे महिन्यात ते देवगडला गेले आणि परत येताना आंब्याच्या पेट्या लोकांच्या मांडीवर, डिकीत मात्र तांबड्या मातीची तीन पोती, असा प्रवास झाला. त्या वर्षी अनंताला अकरा कळ्या आल्या. काकांनी कुंडी जरा उन्हात सरकवली. अकराही गळल्या. जागा हलवली की अनंत कळ्या टाकतो, हे काकांना ठाऊक होतं. पण स्वस्थ बसवेना.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा ते न चुकता जातात. लोक फुलांसोबत फोटो काढतात. काका बक्षीस मिळालेल्या कुंडीपुढे वाकून पानं उलटून बघतात. मागच्या वेळी रखवालदारानं हटकलं तेव्हा म्हणाले, "मावा आहे. सांगा त्यांना." स्वर असा, की प्रदर्शनाचे पैसे वसूल झाले.

या एप्रिलमध्ये मुलीकडे बंगळुरूला वीस दिवस जावं लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोराला काकांनी तीन पानी सूचना दिल्या. कुठल्या कुंडीला किती तांबे, कुठल्या वेळी, सगळं. पोरानं पहिल्या दिवशी ते कागद हरवले आणि आठवेल तसं पाणी घातलं, म्हणजे बहुतेक घातलंच नाही.

परतल्यावर काका चपलाही न काढता वर धावले. अनंत गेला होता. जास्वंद माना टाकून उभी होती. आणि कोपऱ्यातली बोगनवेल, जिला काकांनी तीन वर्षं शेणखत आणि रोज दोन तांबे पाणी घालून नुसत्या हिरव्या पानांचा पेंढा करून ठेवलं होतं, ती तहानेनं नुसती पेटली होती. पान दिसत नव्हतं. कठड्यावरून खाली पार्किंगपर्यंत गुलाबी झुंबर लोंबत होतं.

काकू मागून धापा टाकत आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, फुलं आलीत की! केवढी!"

"फुलं नव्हेत ती," काका म्हणाले. "रंगीत पानं आहेत. खरं फूल आत असतं. ते बघ, पांढरट, इवलंसं." आणि खिशातून भिंग काढून त्यांनी एक गुलाबी पान हळूच उलटलं.