सासरेबुवा पडले

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्याकडे यायचं होतं. आलं नाही. वेधशाळेने हरिहरेश्वर ते दमण असा पट्टा आखला होता आणि त्या पट्ट्यात डहाणू अगदी सोयीच्या जागी बसतं. किनाऱ्यावरच्या लोकांना हलवलं, बोटी खाडीत आल्या, मी पाण्याची पिंपं भरली, मेणबत्त्या आणल्या. आणि वादळ दुपारी श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं. तिकडच्यांनी फार सोसलं. घरं गेली, बागा गेल्या, वीज आणि फोन यायला कित्येक दिवस लागले. गावाकडच्या म्हाताऱ्यांची नुसती खुशालीही मुंबईतल्या मुलांना कळत नव्हती. ते वाचून मी निश्चय केला की पुढच्या वादळात काहीही तुटो, आपल्या घराचा संपर्क तुटता कामा नये.

या निश्चयावर घरात एकच माणूस हसला. ते माझे सासरे. लॉकडाऊनमुळे आमच्याकडे अडकलेले, आणि त्याआधी आयुष्यभर टेलिफोन खात्यात खांबांवर चढलेले.

माझी यंत्रणा पाहण्यासारखी होती. फोनमध्ये दोन सिमकार्डं, मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांची; एक बंद पडलं तर दुसरं. घरात फायबरचं इंटरनेट. जुना तांब्याच्या तारेचा टेलिफोन मी आधीच परत करून टाकला होता, कारण एकविसाव्या शतकात तो ठेवायची लाज वाटत होती. शिवाय पॉवर बँक. आणि तलासरीच्या मेव्हण्यासाठी एक ग्रुप, ज्याचं नाव ‘आपत्ती व्यवस्थापन’. त्यात आम्ही दोघेच होतो.

मेव्हणा तलासरीच्या पुढे, आच्छाडच्या बाजूला राहतो. गुजरातची सीमा तिथून इतकी जवळ की त्याचा फोन घरातल्या घरात राज्य बदलतो. ओटीवर महाराष्ट्र, मोरीत गुजरात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या बाजूला तर लोक थंडीत घराबाहेर झोपत होते. प्रत्येक धक्क्यानंतर अख्खा तालुका एकाच मिनिटाला फोन उचलून “जाणवला का?” विचारायचा, आणि लाइन मिळायची नाही. धक्क्याने टॉवरचं काही बिघडलेलं नसायचं. आमच्या चौकशीनेच तो गुदमरायचा. या अनुभवावरून मी शहाणं व्हायला हवं होतं, असं सासरे म्हणतात. मी तेव्हा तिसऱ्यांदा रीडायल करत होतो.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आलं. १७ तारखेला ते मुंबई-पालघरच्या समोरून, समुद्रातूनच उत्तरेला सरकत होतं. जमिनीवर चढलं ते रात्री, सौराष्ट्रात. पण जाता जाता त्याचा पदर आमच्या चिकूच्या बागांवरून फिरला. वीज आधी गेली. विजेबरोबर मोडेम गेला, मोडेमबरोबर माझं एकविसावं शतक.

“काचेच्या तारेतून उजेड जातो, जावईबापू, वीज जात नाही,” सासरे म्हणाले. “आमच्या तांब्यातून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची अठ्ठेचाळीस व्होल्ट घरापर्यंत यायची. गावात मिट्ट काळोख असला तरी फोन वाजायचा. पण तुम्ही तो परत केलात.”

इथे एक गंमत सांगतो. डहाणूत ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. त्याचं धुराडं २७५ मीटर उंच. ती वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. वादळात आमच्याकडे अंधार असतो आणि आम्ही अंधारात त्या धुराड्याकडे पाहतो. तसं बसल्यावर माणूस तत्त्वज्ञ तरी होतो नाहीतर इन्व्हर्टर घेतो.

दुपारनंतर पहिल्या सिमची रेंज गेली. मी विजयी मुद्रेने दुसऱ्या सिमकडे वळलो. तीही गेली होती.

“दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर भाड्याने राहतात,” सासरे म्हणाले. “घरमालकाचे दिवे गेले की दोन्ही बिऱ्हाडं अंधारात.”

मला वाटायचं टॉवर वाऱ्याने पडतात. काही पडतातही. पण बहुतेक उभ्या उभ्या उपाशी मरतात. वीज गेली की खालच्या बॅटऱ्या काही तास खेचतात, मग जनरेटर, आणि डिझेल घेऊन येणारी गाडी वाटेत पडलेल्या झाडापाशी उभी. कधी वरची तबकडी वाऱ्याने जराशी वळते आणि पुढच्या टॉवरशी तिची नजरानजर तुटते. कधी खांबावरून गेलेली फायबर झाडाखाली येते. हे सगळं मला सासऱ्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा फार आनंदी होता.

त्या दिवशी खरा संपर्क कोणाचा शाबूत असेल तर बोटवाल्यांचा. मोठ्या बोटीवर व्हीएचएफ असतो. बोट ते बोट, मध्ये टॉवर नाही, बोटीचीच बॅटरी. मी तो विकत घ्यायचा विचार बोलून दाखवला तेव्हा हिने विचारलं, “बोट कुठे लावणार?”

सकाळी फोन चालू होता तेव्हा मेव्हण्याने विचारलं होतं, “भावोजी, बाबांनी लावलेला चिकू कसा आहे?” आणि उत्तर देण्याआधीच लाइन कटली. हे झाड आमच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, गेटजवळ लावलेलं. मी त्याला खासगीत सासरेबुवा म्हणतो. हे हिला ठाऊक, इतर कोणालाही नाही. आता मेव्हण्याला कळवणं भाग होतं.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की मधूनच रेंजची एक काडी उमटायची. फोन भिजू नये म्हणून मी तो स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवला आणि काडीची वाट पाहत बसलो. बराच वेळ बसलो. खालून आवाज आला, “डब्यात लोणचं ठेवतात! आधीच लहर मरतुकडी, त्यात स्टीलची भिंत!” मी डबा उघडला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि काडी आली की एसएमएस, असं करत मजकूर पाठवला.

पहिला: “गेटजवळच्या चिकूला मी सासरेबुवा म्हणतो. फळ बेताचं, पसारा फार, आणि वाटेतून हलत नाहीत. वारा लागलाय, टिकतीलसं वाटत नाही.”

दुसरा, तासाभराने: “सासरेबुवा पडले. गेटात आडवे आहेत, हलवता येत नाहीत.”

तिसरा: “लाकडाची काळजी नको, घरचंच भरपूर होईल.”

चौथा: “तुझ्याकडची करवत घेऊन ये.”

आणि पाचवा, अंधार पडता पडता, मुलगा काळजीत असेल म्हणून: “बाबा मजेत आहेत. आत्ताच चहा घेतला.”

सगळे गेले. मी खाली उतरलो तो छाती काढून.

तलासरीत तेव्हा मेव्हण्याचा फोन मेलेला होता. एसएमएस अशा वेळी वाया जात नाही, तो मधल्या केंद्रात थांबतो आणि समोरचा फोन जागा होईपर्यंत पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. पण पाचही निरोप आपापल्या वेळेने ठोठावतात, रांग लावत नाहीत. त्यातून देवनागरीत एका एसएमएसमध्ये काना, मात्रा, वेलांट्या धरून सत्तरच चिन्हं मावतात. मजकूर त्यापुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि शेवटचा तुकडा पोहोचेपर्यंत वाचणाऱ्याला त्यातलं अक्षरही दिसत नाही. माझ्या पाचांत लांबलचक एकच होता.

१८ तारखेच्या सकाळी मेव्हणा रेंज शोधत हायवेवर आला. सीमेपलीकडचा टॉवर लागला. आधी गुजरातने त्याचं स्वागत केलं. मग माझे निरोप उतरले, ते असे: बाबा मजेत आहेत, आत्ताच चहा घेतला. सासरेबुवा पडले, गेटात आडवे आहेत, हलवता येत नाहीत. लाकडाची काळजी नको. करवत घेऊन ये.

त्याने फोन लावला. आमची दोन्ही बिऱ्हाडं अजून अंधारातच होती.

चारोटीवरून, पडलेली झाडं चुकवत पिकअप आली. अंत्यविधीला वीसच माणसं, असा तेव्हा करोनाचा नियम होता. मेव्हण्याने तो पाळून माणसं निवडली होती आणि त्या निवडीवरून घरी दोन भाऊबंद रुसलेही होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, तोंडाला मास्क. गेटात झाड आडवं होतं, म्हणून गाडी बाहेर थांबली आणि मंडळी फांद्यांवरून चढून आत आली. पुढे मेव्हण्याची बायको, तिने फांदीवरच हंबरडा फोडला. ओटीवर सासरे दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण.

“कोण गेलं?” त्यांनी काळजीने विचारलं.

कोणीच काही बोलेना. मेव्हणा मात्र गुणी मुलगा. बापाच्या पाया पडला, डोळे पुसले, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “भावोजी, करवत कशाला मागवलीत ते काही केल्या कळेना. पण तुम्ही सांगितलं म्हणून आणली.”

मग सगळा उलगडा झाला. हसून हसून मंडळी दमली, हिने वीस माणसांचा चहा ठेवला, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांनी चिकूवर करवत चालवायला घेतली. सासरे खुर्ची टाकून देखरेख करत होते. तारेच्या काळात असं झालं नसतं, असं त्यांचं म्हणणं. तार २०१३ साली बंद झाली, तेव्हापासून देशाचं सगळं चुकतच गेलंय. मी मान डोलावली. त्या दिवशी मी कशालाही मान डोलावली असती.

तेवढ्यात कुठूनशी रेंजची काडी आली आणि मेव्हण्याच्या खिशात टुणकन वाजलं. त्याने फोन काढला.

“भावोजींचाच आहे,” तो म्हणाला. “कालचा. बराच मोठा दिसतोय.”

“वाच की मोठ्याने,” सासरे म्हणाले. “इथे काय, सगळे घरचेच आहेत.”