मिठाची भानगड

"मालूवहिनी, मिठाचा संसार मोडतो, ऐकलंत का?"

"कोणाचा?" हातातला ओला पंचा तसाच घेऊन वहिनी गडग्याशी आल्याच.

"मिठाचा हो! सोडियम आणि क्लोरिन. आमची भाची सांगत होती. लाटांच्या फेसातून मिठाचे कण हवेत उडतात ना, तुमच्या खिडकीचे गज खातात ते. तिकडे अमेरिकेत ह्यूस्टनला गाड्या, बोटी, रिफायनऱ्या, सगळ्यांचा धूर. त्यातून रात्री एक वायू होतो, डायनायट्रोजन पेंटॉक्साइड. तो शिरतो या ओलसर कणांत."

"रात्रीच बरा साधतो!"

"दिवसा उन्हात त्याचा टिकाव लागत नाही. रात्री यायचं, सोडियमच्या गळ्यात नायट्रेट बांधायचं आणि क्लोरिनला घेऊन पसार. या नव्या जोडीचं नाव नायट्रिल क्लोराइड."

"अगं बाई! मग?"

"मग काय, सकाळचं ऊन पडलं की तीही फुटते. क्लोरिन मोकाट. दिसेल त्या हायड्रोकार्बनच्या अंगावर धावतो आणि धुराच्या संगतीनं जमिनीलगत ओझोन वाढवतो. छातीला वाईट तो. २००६ साली टेक्ससच्या किनाऱ्याजवळ बोटीवरून हे नायट्रिल क्लोराइड मोजलं, तर हवेच्या अब्ज भागांत एक भागाहून जास्त. हसू नका, हवेच्या हिशेबात हे पुष्कळ झालं."

"समुद्राकाठी राहिल्याचं फळ."

"कुठलं! कोलोरॅडोत बोल्डरला, समुद्रापासून चौदाशे किलोमीटर आत, तिथंही सापडलं. धुरातलं क्लोराइडही चालतं त्या रात्रीच्या वायूला. उगीच मिठाला बोल कशाला लावायचा?"

"क्लोरिनच मेला चंचल."

"ब्रोमिन त्याच्यावर ताण! समुद्रात क्लोरिनच्या जेमतेम तीनशेवा हिस्सा वजनाला. पण कॅनडाच्या पार उत्तरेला अलर्ट आहे, तिथं महिनोन्‌महिन्यांची रात्र संपून ऊन आलं की हा खारट बर्फातून उठतो. ओझोन खातो, परत मिठाकडे जातो आणि येताना आणखी एकाला फूस लावून आणतो. एकाचे दोन, दोनाचे चार. खालचा ओझोन कधीकधी जवळजवळ शून्यावर!"

"मग बरंच की. आत्ताच म्हणालात ना, ओझोन वाईट?"

"बरं कसलं! त्याच ब्रोमिनपायी हवेतला पारा खाली बर्फात उतरतो."

वहिनींनी पंचा झटकला. "आणि तो सोडियम हो? त्याचं काय झालं बिचाऱ्याचं?"

"त्याचं काय व्हायचंय! नायट्रेटशी जमवून घेतो आणि पावसाबरोबर खाली पडतो. त्याची चौकशी करणाऱ्या तुम्हीच पहिल्या."