श्रावणात बदकांच्या मुलखात

मुक्काम : वेझेर नदीकाठचं एक खेडं,
जिल्हा दोर्दोन्य, फ्रान्स

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,


परवा तुमचा फोन मधेच कटला, तो मी कापला नाही. आम्ही उतरलो आहोत त्या घराच्या भिंती हात-दीड हात जाड दगडाच्या आहेत. मोबाइलची रेंज फक्त खुराड्यामागच्या अक्रोडाच्या झाडाखाली येते आणि तिथं कोंबडा मला बोलू देत नाही. म्हणून पत्रच लिहिते. 'एवढे पैसे मोजून खेड्यात राहाले गेल्या, तिथं पाहाले आहे तरी का?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तसंही फोनवर मावणारं नाही.

पाहायला पुष्कळ आहे. पण आधी घर.

तुलूझहून हा दोर्दोन्य जिल्हा गाडीनं दोन-अडीच तास. ओकची दाट झाडी, नद्या, नदीला लागून चुनखडीचे उभे कडे आणि कड्यांच्या डोक्यावर किल्ले. आमच्यासारख्या भाडोत्र्यांच्या घराला इथं जीत म्हणतात. शेतकऱ्याचं जुनं घर, नाहीतर गोठा, नाहीतर कोठार. ते नीटनेटकं करून आठवड्याच्या भाड्यानं द्यायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली खेडी ओस पडत चालली होती. पोरं शहरात गेली, घरं पडायला आली. तेव्हा १९५१ मध्ये आल्प्सच्या बाजूला असं पहिलं घर उघडलं आणि १९५५ मध्ये 'जीत द फ्रान्स' ही संघटना उभी राहिली. शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे यावेत आणि घरही उभं राहावं, एवढाच हिशेब. हॉटेलांना तारे देतात, या घरांना गव्हाच्या ओंब्या देतात, एक ते पाच. आमच्या घराला तीन. तुमच्या विहीणबाईंनी दारावरची पाटी पाहिली आणि तुमसरच्या माणसाला शोभेल असा निकाल दिला, "गहू लावला म्हनून तीन. धान लावला असता तं पाच भेटले असते."

छपराला कवेलू नाहीत. चुनखडीच्या चपट्या पाट्या एकावर एक रचल्या आहेत आणि त्यांचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातं. ही माहिती जावईबापूंनी रात्री, दिवे मालवल्यावर, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. विहीणबाई उठल्या, वरच्या तुळया एकदा नीट न्याहाळल्या आणि आपली खाट दाराशी ओढून घेतली.

घराची मालकीण, आम्ही तिला मादाम म्हणतो, अंगणापलीकडे राहते. सत्तरी ओलांडलेली असावी, पण बदकांमागं पळते. शनिवारी आल्या आल्या तिनं किल्लीआधी यादी हातात ठेवली. काटे बारा, चमचे बारा, सुऱ्या बारा, अक्रोड फोडायचे चिमटे दोन, कोशिंबीर वाळवायची चाळणी एक. रुखवताची यादीसुद्धा एवढी बारीक नसते. जावईबापूंनी मोजून सही केली. चादरी-टॉवेल आपापल्या घरून आणायचे, आणि पुढच्या शनिवारी निघताना घर झाडून-पुसून द्यायचं. नाहीतर सफाईचे पैसे वेगळे. मी हे समजावून सांगितल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "म्हंजे आपनच पाहुनं अना आपनच मोलकरीन." भाडं रुपयांत किती होतं ते लिहीत नाही, आईचं बीपी आताच कुठं ताब्यात आलं आहे.

आता कोंबडा. तो पहाटे अंधारातच सुरू होतो आणि त्याच्याबद्दल बोलायची सोय नाही, कारण कायदा त्याच्या बाजूनं आहे. गंमत नाही, खरंच. ओलेरों बेटावर मोरिस नावाचा एक कोंबडा होता. सुट्टीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या आरवण्यावरून मालकिणीवर दावा लावला आणि २०१९ मध्ये रोशफोरच्या कोर्टात मोरिस जिंकला. मग २०२१ च्या जानेवारीत संसदेनं कायदाच केला, की खेड्यातले आवाज आणि वास हाही देशाचा वारसा आहे. बेडकांचं नशीब मात्र तेवढं चांगलं नव्हतं. याच जिल्ह्यात ग्रिन्योल नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या तळ्यात बेडूक फार ओरडतात अशी शेजाऱ्याची तक्रार होती, आणि २०१६ मध्ये बोर्दोच्या कोर्टानं तळं बुजवा म्हणून हुकूम दिला. विहीणबाईंना हे सांगून मी पस्तावले. आपला भंडारा म्हणजे सगळा तलावांचा जिल्हा, तुमसरपासून पवनीपर्यंत कोणाकोणाला समन्स निघेल याची यादी त्यांनी जेवण होईपर्यंत केली. त्यात आपली दोन नातेवाईक मंडळीही आहेत, पण ती बेडकांमुळे नाहीत.

पोट्ट्यांना सर्वांत आवडली ती लास्कोची गुहा. १९४० च्या सप्टेंबरात मोंतिन्याक गावच्या चार पोरांना जंगलातल्या एका भगदाडातून ती सापडली. आत भिंतीभर घोडे, हरणं आणि रानबैल, सतरा हजार वर्षांहून जुने. एक बैल तर पाच मीटरहून लांब आहे, त्याची शिंगं पुढं वळलेली, पाठीची रेघ एका झटक्यात ओढलेली. ज्यानं ती ओढली त्यानं जनावर रोज जवळून पाहिलं असणार, खांदा कुठं वर येतो आणि मान कुठं खाली जाते हे त्याला विचारावं लागलं नसेल. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली, झुंबड उडाली आणि माणसांच्या श्वासानंच भिंतींवर हिरवा थर चढायला लागला. शेवटी १९६३ मध्ये मालरो सांस्कृतिक मंत्री असताना ती बंद करून टाकली. आज लोक बघतात ती नक्कल. पहिली नक्कल १९८३ ची, आणि गुहेची जवळजवळ संपूर्ण हुबेहूब प्रत २०१६ च्या डिसेंबरात उघडली, तीच आम्ही पाहिली. आत मुद्दाम गारवाही ठेवला आहे.

बैलांच्या दालनात शिरताच धाकट्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, "आजी, पोळा?" गाइडबाई थांबली. मग मला अर्ध्या फ्रेंच मंडळींना सांगावं लागलं, की आमच्याकडे बैलांचा सण असतो, त्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत, शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी खाऊ घालतात, आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात. लोक इतके मन लावून ऐकत होते की मला वाटलं आता मलाच तिकिटाचे पैसे देतील. विहीणबाई मात्र भिंतीपाशी उभ्या राहून बैल तपासत होत्या. "झूल नाई, बाशिंग नाई, शिंगाले रंग नाई. अना बैल बी नकली." मी म्हटलं, आई, तान्ह्या पोळ्याचाही बैल नकलीच असतो की. "असते ना. पन तिथं पोराले बोजारा भेटते. इथं आपनच बोजारा देऊन आलो." तिकिटाचा आकडा त्यांना कळला होता.

बाबा, कास्तेलनोच्या किल्ल्यावर मला तुमची फार आठवण आली. नदीच्या एका काठाला कास्तेलनो, पलीकडच्या काठाला बेनाक, एकाच्या तटावरून दुसरा समोर दिसतो. शंभर वर्षांच्या युद्धात, म्हणजे १३३७ ते १४५३, बेनाक फ्रेंच राजाचा आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांचा. कास्तेलनोत आता मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय आहे आणि तटावर लाकडी गोफणयंत्रं उभी केली आहेत, पुऱ्या मापाची. एका टोकाला दगडमातीनं भरलेली काही टनांची पेटी, दुसऱ्या टोकाला लांबलचक दांडा आणि त्याला गोफण. पेटी धाडकन खाली, दांडा वर, आणि शंभर किलोचा गोटा सुटतो तो दोनशे मीटरवर. दारूगोळा काहीच नाही. लहानपणी आम्ही विचारायचो, बाबा, जवाहरनगरला फॅक्टरीत काय बनवता? तुम्ही म्हणायचात, दिवाळीचे फटाके. आजही तेच म्हणता. आणि इथं बघा, सगळं उघड्यावर, वजनमापांसकट पाटी लावून ठेवलेलं, आणि शेजारी आइस्क्रीम. असं यंत्र तासाला जेमतेम एक-दोन गोटे टाकायचं, हे ऐकून विहीणबाईंनी मान डोलावली, "बरं आहे. मधात चहा होते."

जवळच मिलांदचा वाडा आहे. जोसेफिन बेकर ही अमेरिकेत जन्मलेली कृष्णवर्णीय नर्तकी तिथं राहायची. महायुद्धात तिनं फ्रान्ससाठी हेरगिरी केली आणि पुढं वेगवेगळ्या देशांतली बारा मुलं दत्तक घेतली. कर्जात वाडा गेला. २०२१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये तिला मानाची जागा दिली. विहीणबाईंचा प्रश्न : "बारा पोरं अना सयपाक कोन करे?"

ला रोक-गाजाकला नावेत बसलो. पूर्वी असल्या सपाट बुडाच्या नावांतून वरच्या जंगलातलं लाकूड खाली बोर्दोकडे जायचं. तिथं पोचल्यावर कित्येकदा नावही मोडून लाकडाच्या भावात विकायची आणि नावाड्यांनी पायी परत यायचं. आपल्या वैनगंगेवरच्या ढीवरांना सांगून बघा, कोणी आपला डोंगा असा मोडायला देतो का.

आणि आता जेवणाचा विषय, जो आई पहिल्यांदा वाचेल. आई, श्रावणात या मुलखात येऊ नये. इथं बदकाशिवाय पान हलत नाही. बदकाची तंगडी, बदकाचं काळीज, कोशिंबिरीत बदकाची पोटी. म्हणून विहीणबाईंसाठी साधे परतलेले आलू मागवले, वर लसूण आणि अजमोदा, रंगही छान. त्यांनी घास उचलला आणि ताट नाकाजवळ नेलं. विचारलं तर वेटरनं अभिमानानं सांगितलं, बदकाच्या चरबीत परतलेत, सार्लाची खासियत. त्या दिवशी त्यांनी पाव आणि द्राक्षांवर भागवलं. दुकानाचं म्हणाल तर दुपारी कुलूप, रविवारी अर्धा दिवस, सोमवारी पूर्ण बंद. पंधरा ऑगस्टलाही बंद. मेरीमातेच्या सणाची सुट्टी असते, पण 'आपल्या स्वातंत्र्याची सुट्टी इतं बी देतेत' या समाधानात विहीणबाई आहेत आणि मी त्यांना तसंच राहू दिलं आहे. सार्लाच्या बुधवारच्या बाजारात भेदरं इतकी सुरेख मिळाली, एकेक पाव किलोचं. सांबार कुठंच नाही.

सर्वांत मजा आली ती रात्रीच्या बाजारात. उन्हाळ्यात गावोगावच्या चौकात लांबच लांब टेबलं मांडतात. दुकानदारांकडून पदार्थ घ्यायचे, पण ताट, वाटी, पेला, सुरी घरून न्यायची. लोक टेबलक्लॉथ आणि मेणबत्त्यासुद्धा आणतात. आमच्याकडे मादामची मोजलेली बशी न्यायची हिंमत कोणात नव्हती, म्हणून विहीणबाईंनी मला देण्यासाठी आणलेली भंडाऱ्याची पितळी ताटं काढली. गंजात चिन्नोरचा भात आणि लाखोरीचं वरण होतं. झाकण उघडलं आणि त्या तांदळाच्या वासानं शेजारच्या टेबलावरची बोलणी थांबली. मादाम तिथंच होती. तिनं चमचाभर मागितला, मग वाटीभर. मग ताट उलटं करून बोटानं चाचपलं. मागं ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं आहे ना, 'चि. सौ. कां. बेबीस मावसाजींकडून सप्रेम भेट'. हे काय लिहिलं आहे, विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, फार हुशारी आहे, मग तुम्हाला चमच्यांची यादी करावी लागत नसेल.

तेव्हापासून दोघी रोज संध्याकाळी ओसरीवर बसतात, भाषा एकीची दुसरीला येत नाही, मी मधे दुभाषी. विहीणबाईंनी आठवड्याचं भाडं, हंगामाचे आठवडे, सफाई, विमा, रंगरंगोटी, संघटनेची वर्गणी सगळं काढून घेतलं आणि पोट्ट्यांच्या वहीत हिशेब मांडला. बाबा, इथून पुढं तुमच्याशी संबंध आहे. मागच्या आवारातलं कवेलूचं घर पावसाळा संपला की पाडून स्लॅब टाकायचा तुमचा बेत मी बोलता बोलता सांगून बसले. त्यांचा निरोप शब्दशः लिहिते : "व्याह्याले सांग, कवेलूले हात लावू नोको. मी येतपर्यंत थांब म्हना." भिंती मातीच्या आहेत, सागाचे खांब शाबूत आहेत, विहिरीला पाणी आहे, ओंब्यांच्या जागी धानाच्या लोंब्या लावू, असं त्यांचं म्हणणं. तुमचे जावई आधी हसत होते. आता त्यांनी खोल्यांचा नकाशा काढला आहे, आणि तो वाईट नाही. मीही थांबाच असं म्हणेन.

मादामला तर आतापासूनच यायचं आहे. उन्हाळा तिचा कमाईचा, म्हणून ती सुट्टीला हिवाळ्यातच निघते. आसपास पाहण्यासारखं काय, असं तिनं विचारलं तेव्हा विहीणबाईंनी वैनगंगा, पवनीचा किल्ला आणि तिथले जुने स्तूप, आंबागड, कोका आणि नागझिऱ्याचं जंगल असं धडाधड सांगितलं. वाघ म्हटल्यावर मादामनं खुर्ची पुढं ओढली. कोंबडे असतात का, हेही विचारलं. त्यावर मी खरं ते सांगितलं, की आपलं शहापूर हायवेवर आहे, रात्रभर रायपूर-नागपूरचे ट्रक जातात, कोंबडा आरवला तरी कोणाला कळत नाही. तिचं समाधान झालं.

एकच गोष्ट तिला पक्की हवी आहे, ती लगेच कळवा : चादरी घरून आणायच्या, की तुम्ही देणार?

तुमची,
बेबी