कळवतो!

मी हवा विकतो. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो, म्हणून लगेच खुलासा करतो. भोसरीत माझी एअर कंप्रेसरची एजन्सी आहे. कारखान्यात नट आवळायला, रंग मारायला, मशीनवरचा चुरा उडवायला दाबाखालची हवा लागते. ती तयार करणारं यंत्र मी विकतो. या धंद्यातलं जुनं दुखणं म्हणजे लिकेज. कंप्रेसरने तयार केलेल्या हवेतली वीस-तीस टक्के पाइपलाइनच्या सांध्यांतून फुस्स् होऊन जाणं, यात नवल काहीच नाही. गिऱ्हाइकाला मी ते साबणाचा फेस लावून दाखवतो. बुडबुडा आला की समजावं, इथून पैसे चाललेत.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने तोच फेस माझ्या तोंडाला आणला. भाचा आयटीत आहे.

"मामा, तुमची पाइपलाइन बघू," तो म्हणाला.

मी त्याला शेडकडे न्यायला निघालो. पण त्याला हवी होती ती विक्रीची पाइपलाइन. कोणाला कोटेशन दिलं, कधी दिलं, पुढे काय झालं? मी माझी लाल कापडी बांधणीची वही पुढे केली. तिच्यात बासष्ट कोटेशनं होती आणि प्रत्येकापुढे एकच शेरा होता: 'कळवतो म्हणाले.'

"यातल्या किती जणांनी कळवलं?"

"कळवतील ना. एवढी काय घाई?"

"सगळ्यात जुनं २०१९ चं आहे."

"मध्ये करोना आला."

भाच्याने वही मिटली. असे सौदे सॉफ्टवेअरमध्ये लाल होतात, म्हणाला. इंग्रजीत त्याला 'रॉटिंग' म्हणतात, म्हणजे सडणं. मला राग आला. माझे सौदे सडत नव्हते, मुरत होते. लोणच्याची बरणी रोज उघडून बघणाऱ्याला लोणचं कधी मिळत नाही. त्यावर भाचा म्हणाला, "मामा, बरणीत कैरी टाकली होती का, तेवढं आधी बघा."

त्याला माहीत नव्हतं, मी किती नेटाने पाठपुरावा करतो ते. उदाहरणार्थ, आमचे एक नटबोल्टवाले साहेब. त्यांना मी जून २०२३ मध्ये स्क्रू कंप्रेसरचं कोटेशन दिलं. "घ्यायचाच आहे हो," ते म्हणाले, "फक्त अधिक महिना जाऊ दे." त्या वर्षी अधिक श्रावण होता. तो १६ ऑगस्टला संपला तेव्हा गणपती तोंडावर आले होते. गणपतीत कामगार गावी. अनंत चतुर्दशी झाली, तोवर पितृपक्ष लागला. पितृपक्षात यंत्र काय, झाडूसुद्धा कोणी घेत नाही. मग दसरा. दसऱ्याला मी स्वतः आपट्याची पानं घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "आता दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर त्यांची परदेशातली गिऱ्हाइकं नाताळच्या सुट्टीवर गेली. मग मार्च एंड आला. एप्रिलमध्ये फोन केला तर साहेब गंभीर आवाजात म्हणाले, "सध्या आचारसंहिता आहे ना."

लोकसभेची आचारसंहिता नटबोल्टच्या खाजगी कारखान्याला कशी लागू होते, हे मी विचारलं नाही. विचारायला भीड वाटली. १३ मेला आमच्याकडचं मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला, दिल्लीत सरकारही आलं. ऑर्डर काही आली नाही.

पण माझी आशा तुटली नव्हती, आणि तिला तांत्रिक आधार होता. पूर्वी साहेबांशी फोनवर बोलताना मागून त्यांच्या जुन्या पिस्टन कंप्रेसरची धडधड ऐकू यायची. नोव्हेंबरपासून ती येईनाशी झाली. तीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस मी. मनात म्हटलं, मशीन बंद पडलेलं दिसतंय, आता जातील कुठे!

भाच्याने एका रविवारी माझ्या वहीतलं सगळं कंप्यूटरवर चढवलं आणि वेळापत्रक लावलं. कोटेशन दिल्याच्या तिसऱ्या दिवशी पहिला मेल, दहाव्या दिवशी दुसरा, तेराव्या दिवशी शेवटचा. मी म्हटलं, "हे वेळापत्रक आमच्या गुरुजींना पाठ आहे." मेल आपोआप जाणार, उत्तर आलं की साखळी थांबणार, नाही आलं की पुढचा मेल निघणार. मी काहीच करायचं नाही. "आणि तो शेवटचा मेल," भाचा म्हणाला, "त्याला आम्ही ब्रेकअप मेल म्हणतो."

त्या मेलमध्ये असं लिहायचं असतं, की आपल्याला आता गरज दिसत नाही, तेव्हा आम्ही फाइल बंद करतो, काही राग नाही. मला घाम फुटला. लग्नाला एकोणतीस वर्षं झालेला माणूस एका महिन्यात बासष्ट ब्रेकअप कसे करणार? पण भाच्याने बटण दाबलं होतं.

पहिला मेल गुरुवारी सकाळी दहाला गेला. सॉफ्टवेअर ज्या देशातलं, तिथला देव रविवारी विश्रांती घेतो. आमच्या पिंपरी-भोसरीत औद्योगिक सुट्टी गुरुवारी, विजेचा भार वाटला जावा म्हणून ठरलेली. पहिल्या दिवशी मेल वाचायला कारखान्यात वॉचमन तेवढे होते.

खरा घोटाळा शुक्रवारी कळला. मेलच्या सुरुवातीला सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाचं नाव आपोआप घालतं. ते नाव घेतं आपल्याच यादीतून. आणि माझ्या वहीत गिऱ्हाइकांची नावं नव्हतीच, खुणा होत्या. आपण फोनमध्ये 'गॅस जोशी' आणि 'नळ कोपऱ्यावरचा' लिहितो, तशाच. त्यामुळे चाकणच्या एका मोठ्या कारखान्याच्या पर्चेस मॅनेजरना मेल गेला: 'प्रिय घासाघीस पाटील'. एका बाईंना गेला: 'प्रिय खडूस मॅडम दुसरा मजला'. आणि नटबोल्टवाल्या साहेबांना गेला, 'प्रिय नटबोल्ट चहा नाही'.

दोन दिवस मी फोन बंद ठेवला. एजन्सी विकून गावी आंबे लावावेत, इथपर्यंत विचार गेला. तिसऱ्या दिवशी मेल उघडला. नटबोल्टवाल्यांचं उत्तर होतं, दोन वाक्यांचं: 'चहा आहे. या.'

गेलो. चहा आला, बरोबर क्रीमरोल आला. साहेब बराच वेळ कपातच बघत होते. मग म्हणाले, "कंप्रेसर आम्ही घेतला हो. मागच्या दिवाळीला, पाडव्याच्या मुहूर्तावर."

"पण मग मार्च एंड? आचारसंहिता?"

"तुम्ही दर महिन्याला इतक्या आपुलकीने फोन करायचात. आईच्या गुडघ्याचं विचारायचात. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू, की दुसरीकडून घेतला?"

मागे शेडमध्ये नवा स्क्रू कंप्रेसर हलक्या आवाजात चालला होता. स्क्रूला पिस्टनसारखी धडधड नसते. हे वाक्य गेली कित्येक वर्षं मी स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय.

परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी पाइपलाइन तुंबली होती ती भिडेपायी. मला स्पष्ट विचारायची भीड आणि त्यांना स्पष्ट सांगायची. मराठी माणसाला 'नाही' हा शब्द येतो, पण तो घरातल्यांसाठी राखून ठेवलेला असतो. बाहेरच्यासाठी 'बघू' आहे, 'कळवतो' आहे, 'दिवाळीनंतर' आहे. मी जितका गोड बोलायचो तितकं समोरच्याला 'नको' म्हणणं जड जायचं. म्हणजे फुस्स् होत होतं ते माझ्याच सांध्यातून. यंत्राला भीड नाही, आणि यंत्राची भीड कोणाला वाटत नाही.

तेराव्या दिवशी ब्रेकअप मेल गेले आणि वर्षानुवर्षं गप्प असलेली माणसं बोलू लागली. सत्तावीस जणांनी 'नको' कळवलं, काहींनी तर 'सॉरी' जोडून. चार कारखाने केव्हाच बंद पडले होते. दोन ऑर्डरी आल्या. त्यातली एक घासाघीस पाटलांची होती, आणि नावाची भरपाई म्हणून त्यांनी आणखी पाच टक्के पाडून घेतले. उरलेले एकोणतीस अजून कळवतायत.

मी सत्तावीस नावांवर एकेक रेघ मारली. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

मग एक गोष्ट आठवली. छतावर सोलर बसवून देणारा एक मुलगा मला दर एक तारखेला मेसेज करतो. बसवायचं नाही, हे माझं केव्हाच ठरलंय, शेजारच्या इमारतीची सावली पडते. त्याला मी आजवर काय कळवलं होतं? 'कळवतो.' त्या रात्री लिहून टाकलं: 'नको. छतावर सावली येते. बसवणार नाही.'

दोन मिनिटांत त्याचा फोन आला. मी घाबरत उचलला.

"थँक्यू सर," तो म्हणाला. "या महिन्यात 'नको' म्हणणारे तुम्ही पहिलेच."

तुमच्याही फोनमध्ये कोणाचं तरी कोटेशन पडलेलं असेल. घ्यायचं असेल तर घ्या. नसेल घ्यायचं तर आजच 'नको' लिहून टाका. आणि दुसरीकडून घेतलं असेल, सांगवत नसेल, तर निदान चहाला तरी बोलवा.